क्रीडा स्वाक्षऱ्यांची सत्यता पडताळणी

क्रीडा स्वाक्षऱ्यांची सत्यता पडताळणी म्हणजे बॅट, चेंडू, गणवेश, छायाचित्र, कागद इत्यादी वस्तूंवरील खेळाडूची स्वाक्षरी त्याने स्वतः केलेली आहे की नाही, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. तीन प्रकारच्या पुराव्यांवर ही पडताळणी चालते: स्वाक्षरीच्या रेषेचे परीक्षण, शाई व वस्तू यांचे परीक्षण, आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग. यांपैकी एकही पुरावा एकट्याने पूर्ण खात्री देत नाही. बाजारात मिळणारे 'सत्यता प्रमाणपत्र' हे सामान्यतः परीक्षकाचे मत असते. स्वाक्षरी होताना परीक्षक स्वतः हजर असेल, तरच ते प्रत्यक्षदर्शी साक्षीचे रूप घेते. हा फरक विश्वासार्हतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

महाराष्ट्रात स्वाक्षरीसंग्रहाचा छंद जुना असून त्यात क्रिकेटपटूंच्या स्वाक्षऱ्यांना मोठी मागणी असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जन्मलेले झहीर खान आणि अजिंक्य रहाणे या कसोटीपटूंच्या स्वाक्षऱ्यांच्या संदर्भात पडताळणीचे बहुतेक प्रश्न उदाहरणादाखल पाहता येतात.

## अस्सल नसलेल्या स्वाक्षऱ्यांचे प्रकार

अस्सल नसलेली प्रत्येक स्वाक्षरी फसवणुकीच्या हेतूने केलेली असतेच असे नाही. तिचे पुढील प्रकार आढळतात.

* अनुकरण : अस्सल नमुना समोर ठेवून किंवा सराव करून हाताने केलेली नक्कल.
* गिरवलेली स्वाक्षरी : खालून प्रकाश टाकून किंवा दाब देऊन उमटवलेल्या खुणेवर गिरवलेली रेषा.
* छापील प्रतिकृती : बॅट बनवणाऱ्या कंपन्या करारबद्ध खेळाडूची स्वाक्षरी बॅटवर किंवा तिच्या स्टिकरवर छापतात. दौऱ्यावरील संघांच्या छापील स्वाक्षरीपत्रकांचाही यात समावेश होतो. अशा वस्तू कंपनीच्या दृष्टीने खऱ्या असतात, परंतु त्यांवरील स्वाक्षरी खेळाडूच्या हातची नसते.
* यंत्राची स्वाक्षरी : 'ऑटोपेन' या यंत्राने एकाच साच्यावरून काढलेली स्वाक्षरी.
* दुसऱ्याने केलेली स्वाक्षरी : चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देताना नातेवाईक, सहायक किंवा संघातील कर्मचाऱ्याने खेळाडूच्या वतीने केलेली स्वाक्षरी. ती खेळाडूच्या पत्त्यावरूनच आलेली असल्याने तिचा माग निर्दोष दिसतो. त्यामुळे हा प्रकार ओळखणे विशेष अवघड असते.

कोणतीही व्यक्ती दोनदा तंतोतंत एकसारखी स्वाक्षरी करत नाही. म्हणून दोन स्वाक्षऱ्या एकमेकींवर ठेवल्या असता पूर्णपणे जुळल्या, तर त्यांतील किमान एक छापील, यांत्रिक किंवा गिरवलेली असण्याची शक्यता बळावते. तंतोतंत साम्य हे अस्सलपणाचे लक्षण आहे, हा सर्वसाधारण समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

## परीक्षणाच्या पद्धती

### रेषेचे परीक्षण

हस्ताक्षरतज्ज्ञ अक्षरांच्या आकारापेक्षा रेषेच्या प्रवाहाला अधिक महत्त्व देतात. अस्सल स्वाक्षरी वेगाने, न विचारता होते. तिच्यात आरंभीचा व शेवटचा फराटा निमुळता असतो आणि दाब ठिकठिकाणी बदलतो. नक्कल करणाऱ्याचे लक्ष आकार जुळवण्यावर असल्याने त्याचा हात मंदावतो. परिणामी रेषेत कंप येतो, अनपेक्षित ठिकाणी लेखणी उचलली जाते, टोके बोथट होतात आणि दाब सर्वत्र सारखा राहतो. अक्षरांची परस्पर उंची, कल, अक्षरे जोडण्याची रीत आणि फराट्यांचा क्रमही तपासला जातो.

या परीक्षणासाठी त्याच व्यक्तीच्या, शक्यतो त्याच काळातील, अनेक अस्सल नमुना स्वाक्षऱ्या लागतात. वयानुसार, घाईनुसार आणि आजारपणात स्वाक्षरी बदलते. प्रसिद्धीनंतर एका बैठकीत शेकडो स्वाक्षऱ्या कराव्या लागल्याने अनेक खेळाडूंच्या पूर्ण नावाची जागा दोन-तीन वळणे घेतात.

हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याचा दावा करणारी ग्राफॉलॉजी आणि दस्तऐवजांचे न्यायवैद्यक परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वाक्षरीच्या सत्यतेशी केवळ दुसरीचा संबंध आहे.

### शाई आणि वस्तूचे परीक्षण

भिंग, तिरपा प्रकाश, अतिनील व अवरक्त किरण यांच्या साहाय्याने शाई आणि पृष्ठभाग तपासले जातात. तिरप्या प्रकाशात दाबाच्या खुणा दिसतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके आणि लेखणीची सलग रेषा यांतील फरक कळतो. साधारणतः १९५० नंतरच्या अनेक कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने असतात. ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, त्यामुळे जुना म्हणून दाखवलेला नवा कागद उघड होऊ शकतो.

लेखणीचा काळही पुरावा ठरतो. बॉलपेन १९४५ च्या सुमारास, फेल्ट टोकाचे आधुनिक पेन १९६० च्या दशकात आणि जेल पेन १९८० च्या दशकात बाजारात आले. रणजितसिंहजी यांचे निधन १९३३ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या नावाची बॉलपेनने केलेली स्वाक्षरी अस्सल असू शकत नाही. पळवणकर बाळू यांचे निधन १९५५ मध्ये झाल्याने त्यांच्या नावाची जेल पेनची स्वाक्षरीही बाद ठरते. मात्र ही कसोटी एकाच दिशेने लागू पडते. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर १८९२ ते १९९३ असे १०१ वर्षे जगले. १९४० च्या छायाचित्रावर त्यांनी १९८५ नंतर जेल पेनने स्वाक्षरी केलेली असणे शक्य आहे. शाईचा काळ खेळाडूच्या आयुष्याशी ताडून पाहावा लागतो. छायाचित्राच्या काळाशी नव्हे.

क्रीडासाहित्य हे कागदाइतके अनुकूल माध्यम नाही. विलोच्या बॅटवर शाई लाकडाच्या तंतूंतून पसरते, चेंडूच्या गोल चामड्यावर आणि शिवणीजवळ हात अडखळतो, तर गणवेशाचे कापड ताणले जाते. त्यामुळे अस्सल स्वाक्षरीतही बनावटीसारखा कंप दिसू शकतो.

### मालकीचा माग

वस्तू प्रथम कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी मिळवली आणि नंतर ती कोणाकडे गेली, याची सलग नोंद म्हणजे मालकीचा माग. महेंद्रसिंह धोनी याने २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडनमधील धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना विकली गेली. वस्तू थेट खेळाडूकडून आलेली असल्याने तेथे मागाची साखळी एकाच दुव्याची होती. बाजारातील बहुतेक वस्तूंबाबत अशी स्थिती नसते.

मागाची कागदपत्रेही बनावट असू शकतात, म्हणून त्यांतील कालविसंगती तपासल्या जातात. महाराष्ट्रातील कागदपत्रांबाबत पुढील टप्पे उपयोगी पडतात.

* सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला.
* इंग्रजी व शासकीय व्यवहारात 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' हे नाव १९९५ मध्ये आले.
* रुपयाचे '₹' हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले.
* वस्तू व सेवा कराचा क्रमांक १ जुलै २०१७ नंतरच्या पावत्यांवरच असू शकतो.
* अहमदनगर जिल्ह्याचे 'अहिल्यानगर' असे अधिकृत नामांतर २०२४ मध्ये झाले.

अशा प्रकारे २००७ च्या म्हणून दाखवलेल्या पावतीवर '₹' हे चिन्ह किंवा २००५ च्या प्रमाणपत्रावर 'अहिल्यानगर' हा पत्ता छापलेला असल्यास तो कागद नंतर तयार केलेला ठरतो. त्यावरून स्वाक्षरी खोटी असल्याचे आपोआप सिद्ध होत नाही, परंतु मागाचा पुरावा बाद होतो.

## प्रमाणपत्रे आणि त्यांची विश्वासार्हता

### मत आणि साक्ष

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून तिसऱ्या पक्षाकडून पडताळणी करून देणाऱ्या कंपन्यांचा व्यवसाय वाढला. १९९८ मध्ये सुरू झालेली पीएसए/डीएनए ही त्यांतील एक प्रमुख सेवा आहे. अशा कंपन्या आपल्या नमुनासंग्रहाशी तुलना करून मत देतात आणि वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावतात. त्यांचा मुख्य भर बेसबॉल, बास्केटबॉल व अमेरिकी फुटबॉल या खेळांवर राहिला आहे.

याहून वेगळी पद्धत अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वीकारली. टोनी ग्विन या खेळाडूला स्वतःच्या संघाच्या दुकानातच आपली बनावट स्वाक्षरी असलेल्या वस्तू आढळल्या होत्या. नव्या योजनेत साक्षीदार स्वाक्षरी होताना किंवा वस्तू मैदानातून बाहेर येताना प्रत्यक्ष उपस्थित राहतो आणि त्याच वेळी क्रमांकित होलोग्राम लावला जातो. यात तुलनेची गरज उरत नाही. मात्र जुन्या वस्तूंना ही पद्धत लागू करता येत नाही.

### ऑपरेशन बुलपेन

प्रमाणपत्राच्या मर्यादा दाखवणारे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण म्हणजे अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेची 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम. १९९० च्या दशकात चाललेल्या या तपासात ऑक्टोबर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील टोळीवर छापे घालण्यात आले. नक्कल करणारे, पुरवठादार, विक्रेते आणि खोटी प्रमाणपत्रे देणारे असे सर्व घटक या साखळीत होते. मदर तेरेसा यांच्या नावाची बनावट स्वाक्षरी असलेले बेसबॉलचे चेंडूही या प्रकरणात उघड झाले. बनावट स्वाक्षरीसोबत बनावट प्रमाणपत्रही तयार होते, आणि खरेदीदार बहुधा दुसऱ्यावर विसंबून पहिलीची तपासणी सोडून देतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

होलोग्रामबाबतही हीच मर्यादा असते. होलोग्रामची नक्कल होऊ शकते, किंवा खरा होलोग्राम एका वस्तूवरून काढून दुसरीवर चिकटवला जाऊ शकतो. म्हणून होलोग्रामचा क्रमांक कंपनीच्या नोंदीतील वर्णनाशी व छायाचित्राशी जुळवणे आवश्यक मानले जाते.

### तज्ज्ञांच्या चुकांचे प्रमाण

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे मोशे कॅम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तज्ज्ञ आणि सामान्य व्यक्ती यांच्या निर्णयांची तुलना करण्यात आली. बनावट स्वाक्षरीला अस्सल ठरवण्याची चूक तज्ज्ञांकडून ०.४९ टक्के, तर सामान्य व्यक्तींकडून ६.४७ टक्के वेळा झाली. याउलट अस्सल स्वाक्षरीला बनावट ठरवण्याची चूक तज्ज्ञांकडून ७.०५ टक्के आणि सामान्य व्यक्तींकडून २६.१ टक्के वेळा झाली.

या निष्कर्षांचे दोन अर्थ निघतात. प्रशिक्षणाने निर्णय लक्षणीयरीत्या सुधारतो; आणि प्रशिक्षित परीक्षकाकडूनही खोटी स्वाक्षरी स्वीकारली जाण्यापेक्षा खरी स्वाक्षरी नाकारली जाण्याची शक्यता अधिक असते. हा प्रयोग अस्सल नमुने हाताशी असताना झालेला होता. चामडे, लाकूड किंवा कापड यांवरील, नमुने नसलेल्या स्वाक्षऱ्यांना हीच टक्केवारी लागू करता येत नाही.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील खेळाडूंची उदाहरणे

झहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे झाला. डावखुऱ्या जलदगती गोलंदाजीने त्यांनी ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी घेतले, आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळींसह ते शाहीद आफ्रिदी यांच्या बरोबरीने सर्वाधिक बळी घेणारे गोलंदाज ठरले. अजिंक्य रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी प्रभारी कर्णधार म्हणून मेलबर्न कसोटीत शतक केले आणि भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली.

### संघाच्या बॅटवरील स्वाक्षऱ्या

संपूर्ण संघाच्या स्वाक्षऱ्या असलेली बॅट तपासताना त्या खेळाडूंचा एकत्र असण्याचा काळ पाहिला जातो. रहाणे यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण २०११ च्या विश्वचषकानंतर, त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यात झाले. त्यामुळे 'विश्वचषक विजेता संघ २०११' म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटवर त्यांची स्वाक्षरी असल्यास ते वर्णन संशयास्पद ठरते.

हाच निकष कसोटी संघाला लावताना अधिक काळजी लागते. झहीर खान आणि रहाणे हे डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात दक्षिण आफ्रिका व न्यूझीलंड दौऱ्यांतील चार कसोटी सामन्यांत एकत्र खेळले. त्यावरून याआधीची दोघांच्या स्वाक्षऱ्यांची बॅट खोटी, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. रहाणे यांचे कसोटी पदार्पण मार्च २०१३ मध्ये दिल्लीत झाले असले, तरी २०११ च्या अखेरीपासून ते कसोटी चमूत होते, आणि २०११-१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात झहीर खानही त्या चमूत होते. संघाची बॅट बहुधा संपूर्ण चमू स्वाक्षरी करतो, केवळ अंतिम अकरा नव्हे. धावफलकापेक्षा चमूची यादी हा येथे योग्य पुरावा ठरतो.

### प्रसिद्धीपूर्व स्वाक्षऱ्या

खेळाडूच्या जन्मगावी किंवा शाळेच्या गावी त्याच्या प्रसिद्धीपूर्व काळातील वह्या, सत्काराची छायाचित्रे, स्थानिक स्पर्धांची प्रमाणपत्रे अशा वस्तू सापडू शकतात. व्यावसायिक कंपन्यांचे नमुनासंग्रह मुख्यतः प्रसिद्धीनंतरच्या रोमन लिपीतील स्वाक्षऱ्यांवर आधारलेले असतात. विद्यार्थिदशेतील पूर्ण नावाची किंवा देवनागरी स्वाक्षरी त्यांच्याशी जुळत नाही. अशा स्वाक्षरीला कंपनीने प्रमाणपत्र नाकारले, तर त्याचा अर्थ तुलनेस आधार मिळाला नाही एवढाच असू शकतो. लिपी बदलली की शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरे यांच्या सवयी वेगळ्या असतात. रोमन नमुन्यांवरून देवनागरी स्वाक्षरीचा निर्णय देता येत नाही.

अशा वस्तूंबाबत मालकीचा स्थानिक माग हा परदेशी प्रमाणपत्राहून बळकट पुरावा ठरू शकतो. शाळेच्या नोंदवहीतील स्वाक्षरी, समारंभाचे छायाचित्र, निमंत्रणपत्रिका आणि उपस्थितांची लेखी निवेदने यांचा त्यात समावेश होतो. तथापि 'खेळाडूच्या गावातून आलेली वस्तू' एवढे विधान पुरावा नव्हे. झहीर खान यांचे शालेय शिक्षण श्रीरामपुरात झाल्याने त्यांची शालेय काळातील स्वाक्षरी तेथे मिळणे संभवनीय आहे. रहाणे यांचे बालपण मात्र मुख्यतः डोंबिवलीत गेले आणि क्रिकेटचे शिक्षणही त्यांनी मुंबई परिसरात घेतले. आश्वीतील शाळेच्या वहीतील म्हणून दाखवलेल्या त्यांच्या स्वाक्षरीबाबत म्हणूनच अधिक पुरावा मागावा लागतो.

## भारतातील कायदेशीर स्थिती

न्यायालयात हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत हा ग्राह्य पुरावा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये आहे. कलम ४१ नुसार त्या व्यक्तीच्या हस्ताक्षराशी परिचित असलेल्या माणसाचे मतही विचारात घेता येते. प्रशिक्षक, शिक्षक किंवा पत्रव्यवहार असलेले परिचित यांच्या साक्षीला यामुळे स्थान मिळते. कलम ७२ नुसार न्यायालय वादग्रस्त स्वाक्षरीची सिद्ध झालेल्या स्वाक्षरीशी तुलना करू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने मगन बिहारी लाल विरुद्ध पंजाब राज्य (१९७७) या खटल्यात केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर दोषसिद्धी आधारणे धोक्याचे असल्याचे म्हटले. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) या खटल्यात मात्र, असे मत इतर पुष्टीशिवाय कधीच स्वीकारू नये असा नियम नसून ते सावधपणे व कारणे तपासून स्वीकारावे, अशी भूमिका घेतली. दोन्ही निकालांत या शास्त्राच्या अपूर्णतेची दखल आहे.

बनावट स्वाक्षरीची वस्तू अस्सल म्हणून विकल्यास भारतीय न्याय संहितेतील फसवणूक (कलम ३१८) आणि बनावटीकरण (कलम ३३६) या तरतुदी लागू होऊ शकतात. वैयक्तिक संग्रहासाठी वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकते. त्यासाठी साधारणतः दोन वर्षांची मुदत असते. पावतीवर 'स्वाक्षरी असलेली बॅट' आणि 'खेळाडूने स्वतःच्या हाताने स्वाक्षरी केलेली बॅट' यांपैकी कोणते वर्णन आहे, यावर तक्रारीचे बळ बऱ्याच अंशी अवलंबून राहते. पहिले वर्णन छापील प्रतिकृतीलाही लागू पडते.

## नोंद आणि जतन

स्वाक्षरी मिळवतानाच केलेली नोंद ही नंतरच्या कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक मोलाची मानली जाते. दिनांक, ठिकाण, प्रसंग, वापरलेले पेन, उपस्थितांची नावे, तिकीट किंवा निमंत्रणपत्रिका आणि स्वाक्षरी करतानाचे छायाचित्र यांचा तिच्यात समावेश असतो. वस्तू वारसाने किंवा विक्रीने दुसऱ्याकडे जाताना ही नोंदही सोबत गेली नाही, तर अस्सल स्वाक्षरीही बाजाराच्या दृष्टीने निराधार ठरते.

थेट सूर्यप्रकाशाने शाई फिकी पडते. फिकट झालेली स्वाक्षरी पुन्हा गिरवल्यास मूळ रेषेचा पुरावा कायमचा नष्ट होतो आणि अस्सल वस्तूवर बनावटीची लक्षणे उमटतात. कागदाचे लॅमिनेशन केल्यास दाबाच्या खुणा व शाई यांचे परीक्षण अवघड होते.

## हेही पाहा

* हस्ताक्षर
* न्यायवैद्यक शास्त्र
* झहीर खान
* अजिंक्य रहाणे
* दि. ब. देवधर
* अहिल्यानगर जिल्हा